जादा नाल

हायस्कुलात मी कोणते विषय घ्यावेत हे ठरवायला आमच्याकडे दोन रविवार लागले, आणि दोन्ही रविवारी मला कुणी काही विचारलं नाही. इतक्या वर्षांनीही ती गोष्ट आठवली की हातातलं काम बाजूला राहतं आणि मी मनातल्या मनात भांडायला लागते. ज्यांच्याशी भांडायचं ती माणसं केव्हाच गेली. तरी मी भांडते.

म्हैसूरच्या मुलींच्या शाळेतून मी मिडल पास झाले होते. संस्थानात हायस्कुलाची नवी पद्धत नुकतीच आली होती. इंग्रजी, कानडी आणि जुजबी अंकगणित सगळ्यांनाच. त्याशिवाय एक गट आपला आपण निवडायचा. मुलींना गट दोनच होते. एकात बीजगणित आणि भूमिती, दुसऱ्यात संगीत आणि शिवणकाम. एकदा घेतलेला गट शेवटपर्यंत बदलता यायचा नाही, आणि पुढे कॉलेजात गणित शिकायचं तर पहिलाच गट हवा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर वडिलांनी गट लिहायचा, सही करायची आणि ती शाळेला परत पाठवायची, एवढंच काम होतं.

मला भूमिती हवी होती. मिडलच्या शेवटच्या वर्षी एका मास्तरांनी आम्हाला त्रिकोणाचे दोन-चार सिद्धांत शिकवले होते, आणि मला ते एखाद्या गोडाच्या पदार्थासारखे आवडले होते. का आवडले तेही सांगते. आमच्या घरात जे काही खरं ठरायचं ते कोण बोललं यावर ठरायचं. भूमितीत तसं नव्हतं. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन, हे मी म्हटलं तरी तेवढीच आणि आतोबांनी म्हटलं तरी तेवढीच. असं काही जगात असतं हे कळल्यावर मला फार धीर आला होता.

आता हे आतोबा. माझ्या आत्याचे यजमान. त्यांचे पूर्वज आणि आमचे पूर्वज एकाच वेळी म्हैसूरच्या फौजेत आले, पण ते शिलेदार आणि आम्ही बारगीर. म्हणजे घोडा त्यांच्या मालकीचा आणि आमचा माणूस त्यावर बसून चाकरी करणारा. माझे वडील, आप्पा, तरुणपणी रिसाल्यात आतोबांच्याच घोड्यावर बसायचे. पुढे आप्पांची बहीण आतोबांच्या घरी दिली, आणि मी दहा-अकरा वर्षांची असताना आतोबांच्या मुलाशी माझंही ठरवून टाकलं. आमच्यात आतेभावाशी लग्न हे सरळच मानतात. लग्न मात्र मुलगा हायस्कूलची परीक्षा पास झाला की करायचं, असं आतोबांनी जाहीर केलं होतं. शिकलेल्या मुलाच्या लग्नाला दरबारातली मंडळी येतात, असा त्यांचा हिशेब होता.

तेव्हा आतोबा नात्यानेही वर आणि घोड्यानेही वर. आमच्या घरात दिवाळीला करंज्या किती करायच्या इथपासून गाय कुणाकडून घ्यायची इथपर्यंत सगळं त्यांना विचारून व्हायचं. मी आप्पांना म्हणायची, आपलं आपण ठरवू या की. आप्पा म्हणायचे, "घोडा त्यांचा आहे, बाळ." तो घोडा पोटशूळ होऊन मेला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मेलेल्या घोड्यावरून आमच्या घरावर राज्य चाललं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पहिल्या रविवारी आम्ही लष्कर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी जेवायला गेलो. आतोबांच्या मुलालाही त्याच्या हायस्कुलात गट निवडायचा होता. तिथे एक गट गणिताचा, दुसरा इतिहास आणि कानडी वाङ्मयाचा, आणि त्याला हा दुसरा हवा होता. जुन्या देवळांतल्या दगडांवर काय कोरलंय ते वाचत बसण्याचा त्याला नाद होता. एकदा बेट्टदपुरच्या डोंगरावर सगळे देवदर्शनाला गेले, तर हा पायऱ्यांशेजारच्या एका शिळेसमोर बसून राहिला आणि सगळ्यांचं जेवण खोळंबलं. गणिताचं नाव काढलं की मात्र त्याचा चेहरा उतरायचा.

जेवणं झाल्यावर आतोबा झोपाळ्यावर बसले, आप्पा खाली सतरंजीवर. आत्या आणि आई दाराशी, आणि मी त्यांच्या मागे. तो खांबाला टेकून उभा होता.

आतोबांनी सुरुवात केली ती थेट रिसाल्यातल्या सामान तपासणीपासून. त्यांच्या काळी तपासणीच्या दिवशी शिलेदाराने घोडा आणि सगळं सामान मैदानात मांडायचं. खोगीर, लगाम, रिकिबी, तोबरा, भाला. साहेब यायचा आणि काय नाही तेवढंच बघायचा. जे नाही ते आठवड्यात भरून द्यायचं. "जे हाय त्याच्याकडं साहेब बघत नव्हता," आतोबा म्हणाले. "जे नाही ते भरायचं. शाळेचंबी तसंच."

मग त्यांनी आम्हा दोघांची तपासणी घेतली. आम्ही दोघं पुढेमागे एकाच घरातली, तेव्हा सामानही एकच धरायचं होतं.

"ह्याला काय येत नाही?"

"गणित," आत्या म्हणाली.

"मग हा गणित घेईल. अष्टे." अष्टे म्हणजे झालं, एवढंच. आतोबांचं कुठलंही वाक्य अष्टेने संपलं की पुढे बोलायची सोय नसायची. "आणि हिला?"

इथे माझ्या आईने घात केला. सासरच्या माणसांपुढे मुलीचं कौतुक करायची संधी तिला सोडवेना. ती म्हणाली, "हिला गणित छान येतं हं दाजी. शाळेत सगळ्यांच्या पुढं हाय ती."

"येतं ना? मग शाळेत जाऊन परत कशाला शिकायचं? येत नाही काय ते सांगा."

आत्याने हळूच सांगितलं, की पोरीला गाता येत नाही. हे खरं होतं. गौरीची गाणी म्हणताना बायका मला टाळ्या वाजवायचं काम द्यायच्या.

"मग ही संगीत घेईल," आतोबा म्हणाले. "ह्याचं गणित, हिचं गाणं. घरात सगळं झालं. दोन-दोन पराती कशाला?"

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा मान डोलवत होते. मी त्याच्याकडे बघितलं. तो खांबाकडे बघत होता. ज्या मुलीला सूर लागत नाही तिने गाणं शिकायचं, ज्या मुलाला आकडे बघून घाम फुटतो त्याने बीजगणित शिकायचं, आणि चार मोठी माणसं पान खात खात म्हणत होती की फार उत्तम झालं. माझं डोकं भणभणायला लागलं.

घरी परतताना मी वाटभर आप्पांशी हुज्जत घातली. म्हटलं, आप्पा, आवडतं ते शिकायचं असतं. आप्पा म्हणाले, दाजींनी विचार केलाय. म्हटलं, दाजी शाळेत गेलेत का कधी. आप्पा म्हणाले, सुम्ने चल. सुम्ने म्हणजे गप्प, उगी. लहानपणापासून मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलेला शब्द हाच. आई मागून म्हणाली, गाणंही चांगलंच असतं. ही तीच आई, जी माझा आवाज लागला की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

सोमवारी मी आप्पांना चिठ्ठी न देताच शाळेत गेले. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या बेंगळूरकडच्या, कडक आणि थोडं बोलणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग म्हणाल्या, वडिलांना घेऊन ये, मी बोलते. आणि चिठ्ठीसाठी त्यांनी मला पुढच्या सोमवारपर्यंत सवड दिली. मला वाटलं, जिंकलं.

आप्पा शाळेत आले ते रिसाल्याचा जुना पोशाख चढवून. साफा, पट्टा, छातीवर बिल्ला, पायांत बूट. मुलींच्या शाळेच्या फाटकातून ते आत आले तेव्हा मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी मोठ्या बाईंना खणखणीत सलाम ठोकला. बाईंनी त्यांना समजावलं, की ही मुलगी गणितात हुशार आहे, हिला गाण्याला बसवणं म्हणजे तिची वर्षं फुकट घालवणं आहे. आप्पा प्रत्येक वाक्याला "जी, सरकार" म्हणत होते. बाई म्हणाल्या, मग गणित लिहायचं ना? आप्पा म्हणाले, जी, सरकार. बाई खूश, मी खूश. आप्पांनी परत सलाम केला आणि आम्ही बाहेर पडलो.

फाटकाशी मी चिठ्ठी आणि टाक पुढे केला. आप्पा म्हणाले, "घाई कशाला? रविवारी दाजींना विचारून लिहू."

मी हात टेकले. माणूस वाईट असता तर एकवेळ चाललं असतं. आप्पा वाईट नव्हते. त्यांना आयुष्यात एवढंच शिकवलं होतं, की समोर वरचा माणूस असेल तर हो म्हणायचं. समोर बाई होत्या तोवर बाईंना हो, समोर दाजी आले की दाजींना हो. मधल्या रस्त्यावर मी होते, पण मी वरची नव्हते.

त्या आठवड्यात आत्याने डब्यातून लोणचं पाठवलं. डबा घेऊन तोच आला. लग्न ठरल्यापासून आम्ही मोठ्यांसमोर बोलत नसू, पण आई शेजारी गेली होती. मी विहिरीवर धुणं धूत होते. तो आडाच्या कठड्यावर टेकला आणि म्हणाला, "बाबांना सांगितलं मी, की इतिहास पाहिजे. म्हणाले, इतिहास तुला येतोच की."

"आणि मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"तू कधी काही म्हणतच नाहीस," मी म्हटलं. ओलं लुगडं मी दगडावर असं आपटलं की त्याच्या अंगावर शिंतोडे गेले.

त्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "जे येत नाही ते भरायचं, असं म्हणतात ना? मग तुला गणित येत नाही असं दाखवायचं. रविवारी बाबा एखादा हिशेब घालतीलच, त्यांना सवय आहे. तू चुकीचं उत्तर दे, नाहीतर गप्प राहा. मी बरोबर उत्तर देतो. म्हणजे माझ्याकडे गणित आहे असं होईल आणि तुझ्याकडे नाही असं होईल."

मी धुणं थांबवलं. ही युक्ती नामी होती. त्याच्या डोक्यातून ती निघाली याचं मला आश्चर्यच वाटलं. तिथेच विहिरीवर मी त्याच्याकडून व्याजाची, कामाची आणि माणसांची, अशी दोन-चार उदाहरणं घोकून घेतली. तो जाताना म्हणाला, "तुला फक्त सुम्ने बसायचंय."

"त्यात काय," मी म्हटलं.

दुसरा रविवार आला. पुन्हा जेवण, पुन्हा झोपाळा, पुन्हा सतरंजी. आईने निघतानाच मला बजावलं होतं की तोंड बंद ठेव. तिला आमच्या बेताचं काही ठाऊक नव्हतं, तरी सगळे जण मला एकच सल्ला देत होते. आप्पांनी चिठ्ठी बरोबर आणली होती. त्यांनी ती आतोबांच्या पायांशी ठेवली.

आतोबा खुशीत होते. ते म्हणाले, "लिहायच्या आधी पोरांना बघू तरी, किती पाणी हाय ते. हां. एक स्वार बारा मैलांवरच्या गावाला निघाला. जाताना घोडा तासाला चार मैल चालला. येताना सहा मैल. एकंदरीत घोडा तासाला किती मैल चालला?"

हे उदाहरण आम्ही विहिरीवर केलं नव्हतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. आतोबांनी पंजा पसरून मांडीवर ठेवला होता आणि त्यांच्या ओठांवर हसू होतं.

"पाच," तो म्हणाला.

"शाब्बास. पाच. चार आणि सहा, मधे पाच. बघितलंत, बारगीर? येतंय की पोराला." मग ते माझ्याकडे वळले. "काय गं, पाचच ना?"

सगळं जमून आलं होतं. मी नुसतं खाली बघितलं असतं, लाजल्यासारखं केलं असतं, मला काही कळत नाही म्हटलं असतं, तर त्याचं इतिहासाचं काम झालं असतं आणि माझं भूमितीचं. मी खाली बघितलंही. आतोबा म्हणाले, "हिला कळत नाही वाटतं. वहिनीबाई, तुम्ही तर म्हणत होता सगळ्यांच्या पुढं."

आईचा चेहरा पडला. पण आईसाठी मी बोलले असं म्हणणार नाही. ते पाच मला सहन होईना. ते खोटं होतं, आणि घरातली सगळी माणसं त्याच्याकडे बघून मान डोलवत होती.

"पाच नाही, आतोबा," मी म्हटलं. "जाताना बारा मैलांना तीन तास लागले. येताना दोन तास. चोवीस मैलांना पाच तास. म्हणजे पाचाला थोडं कमी. घोडा हळू चालला तो वेळ जास्त आहे, म्हणून मधोमध येणार नाही."

आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला. आतोबा बोटांची पेरं मोजत राहिले. झोपाळा थांबला होता. आप्पा मात्र सतरंजीवर बसल्या बसल्या स्वतःशीच म्हणाले, "तीन आणि दोन. बरोबर हाय." लगेच त्यांनी जीभ चावली.

"बरोबर हाय," आतोबाही शेवटी म्हणाले. रागावले नव्हते ते. उलट त्यांना गंमत वाटली होती, आणि तेच जास्त वाईट झालं. "पोरगी पक्की हाय. मग झालंच की. हिला येतं. हिला गाणं, ह्याला गणित. अष्टे. लिहा, बारगीर."

आप्पांनी टाक उचलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते संतापाचं होतं. आतोबांचा नाही, माझाच संताप आला होता. दोन घटका गप्प बसायचं होतं, तेवढंही मला जमलं नाही.

तेव्हा खांबाजवळून तो बोलला. मोठ्यांसमोर, स्वतःहून, मी पहिल्यांदाच ऐकलं.

"बाबा, तपासणीला घोड्याच्या चार नाला मांडायच्या, की पाच?"

"पाच. चार पायांत, एक जादा. वाटेत नाल पडली तर?"

"मला गणितात काही येत नाही, हे आत्ताच दिसलं. शाळेत मी अडलो तर घरी कोण शिकवणार? परका मास्तर आणायचा?"

आतोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शिलेदाराच्या घरी परक्या माणसाने येऊन मुलाला चार गोष्टी सुनवायच्या, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

"हिनं गणित घेतलं तर जे शाळेत शिकेल ते मला सांगेल. घरातल्या घरात. जादा नाल म्हणून."

आतोबांनी झोपाळ्याची कडी चोळली. मग म्हणाले, "हे मला सुचायला पाहिजे होतं. लिहा, बारगीर. गणित."

आप्पांनी गणित लिहिलं, सही केली आणि चिठ्ठीवर फुंकर मारली. त्या फुंकरीने शाई वाळली आणि माझं आयुष्य ठरलं. मला हवं ते मिळालं होतं, आणि ते एका घोड्याच्या सुट्या नालेचं काम म्हणून मिळालं होतं. धड आनंदही करता येईना. त्याचा इतिहास मात्र गेला तो गेलाच. आम्ही दोघांसाठी बेत केला होता, आणि सुटले मी एकटी.

पुढची वर्षं आमच्या पडवीत शिकवणी चालली. तो पाटी घेऊन समोर बसायचा, मधे आई सुपात तांदूळ निवडत बसायची. मी चांगली शिकवत नव्हते. फार चिडायची. वर्तुळाला बाहेरच्या एका बिंदूतून दोन स्पर्शिका काढल्या तर त्या सारख्याच लांबीच्या, एवढं समजलं की वर्तुळाभोवती काढलेल्या चौकोनाचं उदाहरण आपोआप सुटतं. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सारखी येते. हे मी त्याला इतक्या वेळा सांगितलं की तांदूळ निवडता निवडता आईला पाठ झालं. तो मान डोलवायचा, शांतपणे पाटी पुसायचा आणि म्हणायचा, "परत सांग."

परीक्षेला नेमकं तेच उदाहरण आलं. संध्याकाळी तो प्रश्नपत्रिका घेऊन आमच्याकडे आला. मी विचारलं, चौकोनाचं सोडवलंस ना. तो म्हणाला, आठवलं नाही. मी प्रश्नपत्रिका त्याच्या हातात कोंबली आणि घरात निघून गेले. बाकी सगळ्या विषयांत तो पास झाला, गणितात नापास. पुढच्या वर्षी पुन्हा बसला, पुन्हा गणितात गेला. आतोबा गावभर सांगत फिरायचे की नाल कच्ची निघाली. ते माझ्या कानावर यायचं आणि मी आतल्या आत जळायची. इतकं शिकवून माणूस कोरा कसा राहतो, हे मला कळत नव्हतं.

लग्न अर्थातच पुढे ढकललं गेलं. मी पहिल्याच वर्षी हायस्कूल पास झाले होते. आता ही घरी बसून काय करणार, असं आत्या म्हणाली, तर आतोबांनीच तिला गप्प केलं. ह्याचं गणित अजून व्हायचंय, हिनं कॉलेजात जावं, तिथं चांगलं पक्कं शिकवत असतील, मग ह्याला शिकवील. आतोबा म्हणाले म्हटल्यावर आप्पा म्हणाले, जी. अशा रीतीने मी इंटरला गणित घेतलं. माझा इंटरचा निकाल लागला त्याच साली तोही पास झाला, गणितात चांगल्या गुणांनी. सगळ्यांनी नशिबाला हात जोडले आणि लग्न लागलं. ज्याला मी अरे-तुरे करत होते त्यांना आता अहो म्हणू लागले.

यांना शिलालेखांच्या सरकारी खात्यात नकलनविसाची जागा मिळाली. दोन वर्षं वाया गेल्यामुळे यांच्याबरोबरचे सगळे वरच्या जागांवर जाऊन बसले होते. वाया गेलेल्या वर्षांवरून नातेवाइकांनी यांना टोमणे मारायचं आतोबांच्या तेराव्यापर्यंत सोडलं नाही. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले.

आमची मुलगी हायस्कुलात गेली तेव्हा एका संध्याकाळी ती माझं जुनं भूमितीचं पुस्तक उघडून बसली होती. यांनी शेजारी दगडावरून उमटवून आणलेल्या अक्षरांचे मोठे कागद पसरले होते. मी भाजी चिरत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, हे वर्तुळाभोवतीच्या चौकोनाचं कसं करायचं?"

मी सुरी ठेवून उठणार, तोवर यांनी कागदावरून मान न उचलता सांगायला सुरुवात केली. चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यातून दोन स्पर्शिका, त्या सारख्या, आता समोरासमोरच्या बाजू मिळव. एकही पायरी चुकली नाही. मी शिकवायची तेच शब्द, त्याच क्रमाने.

मुलगी लिहून घेऊन आत गेली. मी म्हटलं, "हेच आलं होतं तुमच्या परीक्षेला. तुम्ही म्हणालात, आठवलं नाही."

"हो."

"आठवत होतं?"

"तुझं कॉलेज राहिलं होतं," हे म्हणाले. "त्याला दोन वर्षं लागणार होती. मी पास झालो असतो तर लगेच लग्न लागलं असतं. मग जादा नाल कशाला लागणार होती बाबांना?"

मला नेहमीप्रमाणे संतापच आला. दोन वर्षं नापास होऊन बसायचं, सगळ्या गावाची बोलणी खायची, नोकरीत मागे पडायचं, आणि बायकोला एका शब्दाने सांगायचं नाही, ही काय रीत झाली? मी कच्ची शिकवते असं समजून मी किती रात्री जळले होते. मी म्हटलं, "मला तरी सांगायचं होतंत."

यांनी कागदावरची धूळ फुंकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं असतं, तर बाबांसमोर तू सुम्ने बसली असतीस?"

मी तोंड उघडलं होतं. ते मिटून घेतलं आणि भाजी चिरायला लागले.